रहस्यकथाकारांचे विषकोश

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान मेळावा होता. शेवटी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम झाला. त्यात नववीतल्या एका मुलाने उभे राहून आम्हाला विचारले, "सर, कधीच सापडत नाही असं विष असतं का?" सभागृहात हशा पिकला. शेजारच्या शिक्षकांनी "हे काय भलतंच?" म्हणून त्याला खाली बसवले. मुलगा रहस्यकथांचा वाचक होता, एवढेच. वेळ संपत आल्याची सबब सांगून आम्हीही तो प्रश्न टाळला. तसे करायला नको होते. प्रश्न रसायनशास्त्राचा होता आणि चांगला होता.

हाच प्रश्न रहस्यकथा लिहिणाऱ्यांनाही पडतो. कथेतील गृहस्थ रात्री जेवून झोपतो, पहाटे आजारी पडतो, डॉक्टर पोटाचा विकार समजतात आणि तीन दिवसांनी सत्य बाहेर येते. असे घडायचे तर विष कोणते हवे? लेखक बहुधा डॉक्टर नसतो. त्याने अंदाजाने काही लिहिले तर जाणकार वाचक पुस्तक मिटून ठेवतो. ही अडचण ओळखून इंग्रजीत खास रहस्यकथाकारांसाठी विषांचे संदर्भग्रंथ निघाले. त्यांपैकी 'डेडली डोसेस' हा ग्रंथ १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सेरिटा स्टीव्हन्स या परिचारिका असलेल्या लेखिकेने अ‍ॅन क्लार्नर यांच्यासह तो लिहिला आहे. अलीकडे, २०१५ साली, कॅथरिन हारकप या रसायनशास्त्रज्ञ लेखिकेचे 'ए इज फॉर आर्सेनिक' हे पुस्तक आले. अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांतील विषांचे शास्त्र त्यात तपासले आहे.

असा ग्रंथ उघडला की प्रथम थोडे दचकायला होते. विषाचे नाव, ते किती तीव्र आहे, कोणत्या रूपात आढळते, लक्षणे कोणती, ती दिसायला किती वेळ लागतो, उपचार काय आणि पूर्वी घडलेले प्रसंग असे प्रत्येक नोंदीचे ठरावीक रकाने असतात. मागे याद्या असतात: लक्षणांनुसार विषे, परिणामाच्या वेळेनुसार विषे, तीव्रतेनुसार विषे. लेखकाने आपल्या कथेला काय हवे ते ठरवायचे, यादीत बोट ठेवायचे आणि विषाच्या नावापर्यंत जायचे. (या लेखात आम्ही कोणत्याही विषाची मात्रा किंवा कृती दिलेली नाही. आमच्या मुद्द्याला तिची गरज नाही.)

हा विषकोश म्हणजे गुन्हेगारांची बाराखडीच नव्हे काय, असे कोणाही पालकाला वाटेल. परंतु असे रकाने पाडण्याची पद्धत कादंबरीकारांची नव्हे. ती वैद्यकाची आहे. विषशास्त्राला शिस्त लावणारा माटेओ ऑर्फिला याचा ग्रंथ १८१४च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा हेतू न्यायालयात आणि रुग्णाच्या खाटेपाशी उपयोगी पडण्याचा होता. मात्र युरोपातील ग्रंथ हिंदुस्थानात अपुरे पडत. तिकडचा डॉक्टर धोतरा, कण्हेर, गुंज, बचनाग यांची बाधा झालेले किती रोगी पाहणार? म्हणून नॉर्मन चेव्हर्स याने १८५६ साली हिंदुस्थानापुरता न्यायवैद्यकाचा ग्रंथ लिहिला. पुढे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक आय. बी. लायन यांनी आपला ग्रंथ सिद्ध केला. १९२० साली डॉ. जयसिंग मोदी यांचे न्यायवैद्यक व विषशास्त्रावरील पुस्तक निघाले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या आणि वकिलांच्या कपाटात ते नव्या आवृत्त्यांच्या रूपाने अजून असते. 'मोदी' एवढे म्हटले तरी त्यांना पुरते.

त्याच १९२० साली अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई इंग्लंडमधील टॉर्की या गावी रुग्णालयात स्वयंसेविका होत्या. नंतर त्या तेथील औषधालयात काम करू लागल्या आणि १९१७ साली औषधे तयार करण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. शिकाऊ असताना त्या गावातील एका औषधविक्रेत्याकडेही जात. त्याने केलेल्या एका हिशेबात दशांश चिन्ह एक घर चुकले आहे आणि वड्यांमध्ये औषध दहापट पडले आहे, हे त्यांच्या लक्षात आले. शिकाऊ मुलीने वडीलधाऱ्या माणसाची चूक दाखवायची कशी? शेवटी अडखळल्याचे सोंग करून त्यांनी वड्यांचे तबक खाली पाडले आणि वर पायही दिला. ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. दशांश अपूर्णांक शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही. हाच गृहस्थ खिशात क्युरारी या विषाचा खडा बाळगत असे. का, तर त्यामुळे आपण सामर्थ्यवान आहोत असे त्याला वाटे. हा माणूस ख्रिस्तीबाईंच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिला.

पहिल्या कादंबरीतील विष कुचल्याच्या बियांतून मिळणारे स्ट्रिकनीन आहे. त्या काळी ते शक्तिवर्धक म्हणून औषधांत अत्यल्प प्रमाणात घालत. (ज्यांना कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी पुढची चार वाक्ये सोडून द्यावीत.) स्ट्रिकनीनचा सल्फेट क्षार पाण्यात विरघळतो, ब्रोमाइड क्षार त्यामानाने फारच कमी विरघळतो. एकाच बाटलीत हे दोन्ही आयन आले तर कमी विद्राव्य क्षाराचे स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. वरचे औषध सौम्य होत जाते आणि शेवटच्या घोटात सारे एकवटते. हे ज्ञान ख्रिस्तीबाईंना औषधे बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तकातून मिळाले होते आणि तेथे ते सावधगिरीची सूचना म्हणून दिलेले होते! 'बाटली हलवून औषध घ्यावे' या वाक्यामागे हाच साका असतो. औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने कादंबरीतील विषाच्या अचूक वर्णनाची तारीफ केली. ख्रिस्तीबाईंना तो अभिप्राय फार मोलाचा वाटत असे.

सर्वच लेखकांना असे शिक्षण मिळालेले नसते. डोरोथी सेयर्स यांनी डॉक्टर असलेल्या रॉबर्ट यूस्टेस यांच्या मदतीने १९३० साली 'द डॉक्युमेंट्स इन द केस' ही कादंबरी लिहिली. त्यात अळंबी खाऊन एक माणूस मरतो. त्याच्या अन्नातले मस्करीन अळंबीतून आलेले की प्रयोगशाळेत बनवलेले, हा प्रश्न ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने सुटतो. सजीवांत तयार होणारी अनेक संयुगे ध्रुवित प्रकाशाची पातळी एका बाजूला वळवतात. प्रयोगशाळेत साध्या पद्धतीने तेच संयुग बनवले तर उजवे आणि डावे रेणू सारख्याच संख्येने तयार होतात आणि एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. कल्पना सुरेख आहे. पण जाणकारांनी आक्षेप घेतला, कारण त्या वेळी मान्य असलेल्या मस्करीनच्या रचनेत डावे-उजवे संभवतच नव्हते. आपल्या हातून शास्त्राची चूक झाली, असे सेयर्सबाईंना वाटू लागले. प्रत्यक्षात चूक पुस्तकांतील रचनेत होती. १९५७ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मस्करीनची खरी रचना निश्चित झाली आणि त्यात डावे-उजवे रूप आहे. म्हणजे कादंबरी बरोबर ठरली! मात्र ती दुसऱ्या एका जागी घसरली आहे. ज्या अळंबीवरून मस्करीनला नाव मिळाले आणि जी कादंबरीत आहे, तिच्यात मस्करीन अगदी नाममात्र असते. तिने होणारी बाधा मुख्यतः वेगळ्या द्रव्यांमुळे होते. संदर्भग्रंथ हाताशी असूनही माणूस फसतो तो असा.

आता आम्ही ज्या हकीकतीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळू.

ख्रिस्तीबाईंची 'द पेल हॉर्स' ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. खिशात खडा बाळगणारा तो औषधविक्रेता या कादंबरीच्या मुळाशी आहे. तीत वापरलेले विष थॅलियम. हे मूलद्रव्य विल्यम क्रुक्स याला १८६१ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षे आधी, वर्णपटातील एका झळझळीत हिरव्या रेषेवरून सापडले. हिरव्या कोवळ्या फांदीला ग्रीक भाषेत 'थॅलॉस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. थॅलियमच्या आयनाचा आकार आणि भार पोटॅशियमच्या आयनासारखा असतो. त्यामुळे पेशी त्याला पोटॅशियम समजून आत घेतात. पोटॅशियमचे काम मज्जातंतूंपासून हृदयापर्यंत सर्वत्र चालते. साहजिकच बाधेची लक्षणेही सर्वत्र विखुरलेली असतात आणि डॉक्टरांना एकाच वेळी चार वेगवेगळे आजार दिसू लागतात. एक खूण मात्र ठळक असते. काही दिवसांनी केस झडतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोक्यातील गजकर्णावर उपचार करताना केस काढण्यासाठी थॅलियमचे क्षार देत असत, ते यामुळेच. कादंबरीत हेच लक्षण रहस्याची किल्ली ठरते.

१९७७ साली कतारहून दीड वर्षाची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणली गेली. तिची शुद्ध हरपत चालली होती. अनेक तपासण्या झाल्या, निदान होईना. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका त्या दिवसांत 'द पेल हॉर्स' वाचत होती. मुलीचे केस विरळ होत आहेत हे तिने पाहिले आणि कादंबरीतील वर्णन तिला आठवले. वरिष्ठ डॉक्टरांची फेरी आली तेव्हा तिने हे बोलून दाखवले. वरिष्ठांसमोर परिचारिकेने एका कादंबरीचा हवाला देणे सोपे नसणार, पण डॉक्टरांनी तिचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. लघवी तपासली आणि थॅलियम निघाले. घरात कीटक व उंदीर मारण्यासाठी आणलेल्या औषधातून ते मुलीच्या पोटात गेले होते. मुलगी बरी झाली. डॉक्टरांनी या रुग्णाविषयी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, तेव्हा शेवटी त्या परिचारिकेचे आणि आदल्या वर्षीच दिवंगत झालेल्या ख्रिस्तीबाईंचे आभार मानले.

थॅलियमवरचा आजचा उताराही सांगण्यासारखा आहे. तो म्हणजे प्रशियन ब्लू, चित्रकारांच्या पेटीतला गडद निळा रंग. त्याच्या स्फटिकाच्या जाळीत थॅलियमचे आयन अडकतात. थॅलियम शरीरातून आतड्यात उतरते आणि तेथून पुन्हा रक्तात शोषले जाते. ते आतड्यातच निळ्या जाळीत धरले गेले की मलावाटे बाहेर पडते. या रंगाच्या रेणूत सायनाइड आहे! परंतु ते लोहाला इतके घट्ट बांधलेले असते की सुटे होऊन अपाय करत नाही. 'सायनाइड' शब्द ऐकताच घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे. घटक कोणता याइतकेच तो कोणाशी कसा बांधला आहे, यालाही महत्त्व असते.

या हकीकतीत विषकोशाचे खरे स्वरूप दिसते. कादंबरीकार नावापासून लक्षणांकडे जातो, कारण गुन्हेगार त्याच्याच मुठीत असतो. डॉक्टरांपुढे फक्त लक्षणे असतात आणि नाव शोधायचे असते. वाट एकच, चालण्याची दिशा वेगळी. ख्रिस्तीबाईंनी एका टोकाकडून जाताना वाट नीट आखली होती म्हणून ती परिचारिका दुसऱ्या टोकाकडून येऊ शकली. लक्षणे मनाला येतील तशी रंगवली असती तर तो उपयोग झाला नसता. आम्ही लहानपणी वाचलेल्या रहस्यकथांत पेला ओठाला लागताच माणूस कोसळे आणि इन्स्पेक्टर कडू बदामाचा वास घेऊन "सायनाइड!" असे उद्गारत. तो वास अनेकांना जन्मतःच येत नाही, हे त्या लेखकांच्या गावी नव्हते.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? एके काळी सोमल, म्हणजे आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड, जवळजवळ तसे विष होते. त्याची बाधा पटकीसारखी दिसे. १८३३ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात एका तरुणावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनज्ञाने पिवळा साका मिळवून सोमल ओळखले, पण न्यायालयात दाखवेपर्यंत साका बिघडला. ज्यूरीने आरोपीला सोडले. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. चिडलेल्या मार्शने १८३६ साली नवी परीक्षा प्रसिद्ध केली. जस्त व आम्ल यांच्या साहाय्याने आर्सेनिकचे वायूत रूपांतर करायचे आणि तापलेल्या काचनळीत त्याचा चकचकीत काळा आरसा उमटवायचा. आरसा ज्यूरीला डोळ्यांनी दिसतो आणि टिकतो. १८४० साली फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात ऑर्फिलाने स्वतः ही परीक्षा वापरली आणि ती जगभर गाजली.

थॅलियमचीही गत पुढे तीच झाली. १९७१ साली इंग्लंडमध्ये ग्रॅहॅम यंग नावाच्या तरुणाने आपल्या कारखान्यातील सहकाऱ्यांना विष दिले. दोघे दगावले. विषाणूची साथ असावी असा समज झाला होता. एकाचे दहनही होऊन गेले होते. पण धातूचे अणू आगीत नाहीसे होत नाहीत. मृताच्या राखेत थॅलियम सापडले आणि १९७२ साली यंगला जन्मठेप झाली. 'द पेल हॉर्स' वाचून त्याला हे सुचले असे वृत्तपत्रांनी लिहिले. त्याने ते नाकारले. वास्तविक त्याला विषांचा नाद शाळकरी वयापासून होता आणि त्यासाठी तो कादंबऱ्यांवर अवलंबून नव्हता.

तेव्हा आज कोणी विचारले तर आम्ही सांगू की न सापडणारे विष शोधण्यात अर्थ नाही, न शोधलेले विष मात्र असते. वायुवर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन या तंत्रांनी अतिसूक्ष्म अंशही ओळखता येतात. परंतु नेहमीच्या तपासणीत नेहमीचीच विषे पाहिली जातात. राखून ठेवलेल्या व्हिसेऱ्यात काय पाहावे, याचा धागा न्यायसहायक प्रयोगशाळेला कोणीतरी द्यावा लागतो. तो धागा पुष्कळदा लक्षणे नीट पाहणाऱ्या माणसाकडून येतो.

कथांमधून विष तिजोरीत दडलेले असते. आपल्या खेड्यांत ते गोठ्याच्या फळीवर असते आणि त्याची तीव्रता डब्यावर छापलेली असते. विषकोशांत एक ते सहा अशी श्रेणी असते. शरीराच्या दर किलोग्रॅममागे ५ मिलिग्रॅमहून कमी मात्रा घातक असेल तर सहावी, १५ ग्रॅमहून अधिक लागत असेल तर पहिली. आपले खाण्याचे मीठ, उंदरांवरील प्रयोगांतील आकड्यांनुसार (किलोमागे सुमारे ३ ग्रॅम), तिसऱ्या श्रेणीत बसते, म्हणजे अगदी तळाशी नाही. आपल्याकडे १९७१च्या कीटकनाशक नियमांनी हीच कल्पना चार रंगांत आणली. डब्यावरील चौकोनात खालच्या बाजूला रंगीत त्रिकोण असतो. तोंडावाटे दिल्यास निम्मे प्रायोगिक प्राणी मरतील अशी मात्रा किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. आकडा जितका लहान तितके विष जहाल, हे विद्यार्थ्यांना प्रथम उलटे वाटते. हिरवा म्हणजे निर्धोक, असाही गैरसमज होतो. तो मुद्दाम दूर करावा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना बाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. फवाऱ्यात अनेकदा एकाहून अधिक औषधे मिसळलेली असत. अशा वेळी डॉक्टरांपुढे त्या परिचारिकेसारखेच कोडे असते. एका गटाच्या औषधावर ॲट्रोपिन उपयोगी पडते, दुसऱ्यावर ठरावीक उताराच नसतो. नाव कळले तर मात्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून सल्ला मिळू शकतो.

ते नाव, बाधेची लक्षणे आणि उतारा हे सारे डब्यासोबत येणाऱ्या घडीच्या कागदावर छापलेले असते. अक्षर बारीक, भाषा बोजड, आणि डबा उघडताच कागद बहुधा बांधावर फेकला जातो. आठवी-नववीच्या मुलांना असे न वापरलेले, कोरडे कागद दुकानदाराकडून मागून आणायला सांगावे (डब्यांना हात लावू देऊ नये) आणि भिंगाखाली वाचून घ्यावेत. रकाने विषकोशाचेच आहेत, हे त्यांच्या ध्यानात येईल. घरी गेल्यावर एवढे सांगायला लावावे की औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये, आणि कोणाला बाधा झालीच तर माणसाबरोबर तो डबा किंवा निदान तो कागद दवाखान्यात न्यावा.